सॅम्युअल पी. टेलर स्टेट पार्कातला पहिला मुक्काम: बुकिंगपासून तंबू वाळवण्यापर्यंत

बे एरियातल्या मराठी घरांत कॅम्पिंगचा बेत बहुधा योसेमिटीपासून सुरू होतो आणि बुकिंग मिळत नाही म्हणून तिथेच बारगळतो. आयुष्यात पहिल्यांदाच तंबूत झोपणार असाल तर तो नाद तूर्त सोडा. सॅन राफेलच्या पश्चिमेला साधारण १५ मैलांवर, मरीन काउंटीत, सॅम्युअल पी. टेलर स्टेट पार्क आहे. रेडवूडची गर्द झाडी, मधून वाहणारा लगुनिटास ओढा, प्यायच्या पाण्याचे नळ, फ्लशचे संडास, आणि काही विसरलंच तर दोनेक मैलांवर लगुनिटास गावात किराणा दुकान. पोराला रात्री ताप भरला तर गुंडाळून घरी परतता येतं. पहिल्या खेपेला हे फार महत्त्वाचं.

शिवाय मौजेखातर तंबूत राहायची हौस अमेरिकेत जिथे अगदी सुरुवातीला रुजली, त्यांतली ही एक जागा. सोन्याच्या शोधात आलेल्या सॅम्युअल टेलरने इथे ओढ्याकाठी १८५६ मध्ये कागदाची गिरणी सुरू केली. पॅसिफिक किनाऱ्यावरची ती पहिली. चिंध्यांच्या लगद्यापासून कागद व्हायचा आणि सॅन फ्रान्सिस्कोला जायचा. १८७५ च्या सुमारास गिरणीजवळून रेल्वे गेली, तसं टेलरने रुळांलगत हॉटेल आणि तंबूंची वसाहत काढली. शहरातली माणसं शनिवार-रविवार 'कॅम्प टेलर'ला येऊ लागली. १८८६ मध्ये टेलर वारला, १८९३ च्या आर्थिक मंदीत मालमत्ता कुटुंबाच्या हातून गेली, १९१६ मध्ये गिरणी जळाली, आणि १९४० च्या दशकात जागा सरकारकडे येऊन तिचं स्टेट पार्क झालं.

तारीख आणि बुकिंग

नवख्यांसाठी मे-जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद, त्यामुळे झुंबड. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा सुंदर, पण रान वाळलेलं असतं आणि शेकोटीवर बंदी येण्याची शक्यता सर्वांत जास्त. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे. पहिला तंबू पावसात लावायचा हट्ट करू नका.

बुकिंग 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया'च्या संकेतस्थळावर होतं आणि ज्या दिवशी पोचायचं त्याच्या बरोबर सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. १७ जुलैला पोचायचं असेल तर १७ जानेवारी. खातं आधीच काढून ठेवा, कार्डाची माहिती भरून ठेवा, ७:५५ ला लॉगिन करून बसा. पसंतीच्या चार-पाच जागांचे नंबर कागदावर लिहिलेले हवेत. ८ वाजता नकाशा बघत बसलात तर गेलात.

शुक्रवारचं बुकिंग उघडताक्षणीच बऱ्याच जागा भरलेल्या दिसतात आणि लोक वैतागतात. त्यात गौडबंगाल काही नाही. ज्यांनी गुरुवारपासून तीन रात्री घेतल्या, त्यांचा शुक्रवार-शनिवार आदल्याच दिवशी पक्का झालेला असतो. रजा मिळत असेल तर तुम्हीही गुरुवारपासून घ्या. नसेल तर रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवा. संकेतस्थळावर तशी सूचना मागवता येते, आणि मुक्कामाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत बरीच माणसं माघार घेतात. बेत बदलला तर आपणही जागा वेळेत सोडावी. उशीर केला तर पैसेही जास्त जातात.

एका जागेवर जास्तीत जास्त ८ माणसं. बाळही मोजतात. दोन कुटुंबं मिळून नऊ होत असतील तर सरळ दोन जागा घ्या. दुसऱ्या गाडीचे वेगळे पैसे पडतात.

कोणती जागा

सुमारे ६० जागा आहेत, दोन भागांत. 'क्रीकसाइड' ओढ्याच्या कडेने रेडवूडखाली आहे. दिसायला देखणी, पण ऊन जवळजवळ पोचत नाही, म्हणून दमट आणि गार. 'ऑर्चर्ड हिल' चढावर आहे, थोडी मोकळी. मात्र काही जागा उतरत्या आहेत. संकेतस्थळावरचा फोटो मोठा करून टेबलाचे पाय बघा. जमीन किती तिरकी आहे ते तिथे कळतं.

एक गोष्ट फोटोत दिसत नाही: सर फ्रान्सिस ड्रेक बुलेव्हार्ड हा हमरस्ता ओढ्याला लागूनच जातो. रस्त्याच्या बाजूच्या जागांवर रात्रीही गाड्या ऐकू येतात. नकाशात रस्ता कुठे ते बघून लांबची जागा निवडा, आणि तरीही कानात घालायचे बोळे न्या. संडासाला अगदी लागून असलेली जागाही टाळा. रात्रभर दारं वाजतात आणि दिवा थेट तंबूवर येतो. शंभरेक पावलांवर असलेली उत्तम.

आजी-आजोबा भारतातून आलेले असतील आणि जमिनीवर झोपणं झेपणार नसेल तर पाच केबिन आहेत. प्रत्येकीत पाच माणसांची सोय आणि विजेचा हीटर. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं, स्वयंपाक बाहेरच करायचा. त्या तंबूच्या जागांहून लवकर संपतात.

थंडी खालून येते

पहिली रात्र बिघडते ती दोन कारणांनी: अंधार पडल्यावर पोचणं आणि थंडी. दिवसा शहरात ८० फॅरनहाइट असलं तरी इथे रात्री पारा ५० च्या आसपास उतरतो. मग माणसं दोन पांघरुणं वाढवतात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी जमिनीतून येत असते. अंगाखाली दबलेलं स्लीपिंग बॅगचं अस्तर चपटं होऊन निकामी होतं. म्हणून पैसे आधी गादीवर खर्च करा. प्रत्येक गादीवर उष्णता रोखण्याचा आकडा लिहिलेला असतो, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. इथल्या उन्हाळ्यासाठी ३ किंवा वर असावी.

पाहुण्यांसाठी घरात असलेली फुगवायची मोठी गादी नेण्याचा मोह होतो. नेऊ नका, किंवा नेलीत तर तिच्यावर जाड गोधडी अंथरा. तिच्यातली सहा-आठ इंच हवा जमिनीइतकीच गार होते आणि आतल्या आत फिरत राहून अंगातली ऊब खेचत राहते. पहाटे चारला त्याचा प्रत्यय येतो.

स्लीपिंग बॅगवरचा आकडा हा 'एवढ्या थंडीत कसंबसं निभेल' असा समजा, सुखाची झोप नव्हे. त्यात १० ते १५ अंश मिळवा. ५० अंशांच्या रात्रीसाठी ३० अंशांची बॅग बरी. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, लोकरी मोजे आणि कानटोपी धरून. दिवसभर घातलेले सुती कपडे घामाने ओलसर असतात, ते अंगावर ठेवून झोपलात की थंडी वाजणारच.

तंबूवर 'सहा माणसांचा' लिहिलेलं असलं तर त्यात चारजण आणि त्यांच्या पिशव्या मावतात. सहाजण म्हणजे विरार लोकल. नवा तंबू घरच्या अंगणात किंवा जवळच्या बागेत एकदा लावून बघाच. खोक्यात खांब कमी निघाला तर तो तिथे कळलेला बरा. सोबत येणाऱ्या पातळ खुंट्या इथल्या तुडवलेल्या जमिनीत वाकतात. लोखंडी खुंट्या आणि एक हातोडी घ्या.

बाकी यादी छोटी आहे: माणशी एक डोक्याला बांधायची बॅटरी, टेबलावरचा कंदील, खाली घालायची ताडपत्री, पाण्याची बादली, काडेपेटी आणि लायटर दोन्ही, प्रथमोपचाराची पेटी, केरसुणी, कचऱ्याच्या पिशव्या. शॉवरला पैसे पडतात. नाणी चालतात की टोकन घ्यावं लागतं ते आत शिरताना विचारून घ्या. फोनला रेंज जवळजवळ नाहीच. बुकिंगचा कागद, नकाशा, रस्ता सगळं घरीच उतरवून घ्या.

शिधा

दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी पुरते. एक पौंडाचा हिरवा सिलिंडर दोन्ही बर्नर मोठे ठेवले तर साधारण तासभर चालतो. चारजणांच्या दोन रात्रींसाठी, चहा धरून, दोन सिलिंडर न्या आणि एक जादा. रिकामे सिलिंडर पार्काच्या कचऱ्यात टाकू नका. काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यायचे असतात. शेगडी तंबूत किंवा तंबूच्या पडवीत कधीही पेटवायची नाही, बाहेर कितीही गारठा असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळतही नाही.

शुक्रवारी रात्री काही शिजवायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा. दशम्या किंवा थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी, दही. गरम काय तर चहा. शनिवारी सकाळी पोहे: चौघांना तीन वाट्या जाडे पोहे, दोन कांदे, मूठभर दाणे. कांदा घरीच चिरून डब्यात भरा. मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ यांचा छोटा फोडणीचा डबा वेगळा बांधा. अख्खा मिसळणाचा डबा नेला की गाडीत सांडलाच म्हणून समजा. शनिवारी रात्री तीन लिटरच्या कुकरात मुगाची खिचडी: दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, घरून धुऊन वाळवून मसाल्यासकट पिशवीत भरलेली. वर तूप, सोबत भाजलेला पापड. शेकोटी पेटली तर निखाऱ्यांत फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटे आणि कणसं. रविवारी जागा रिकामी करायची घाई असते, तेव्हा घरून भाजून आणलेल्या रव्याचा उपमा. वीस मिनिटांत भांडीसुद्धा आवरतात.

सांडशी आणि चाळणी विसरू नका. इथल्या दुकानात सगळं मिळेल, सांडशी मिळणार नाही. आणि डोशाचं पीठ नेऊ नका: गाडीच्या उबेत ते असं फुगतं की झाकण उडवून बाहेर येतं.

कूलरमध्ये बर्फाचे खडे ओतण्याऐवजी पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवा. मोठा गोळा सावकाश वितळतो, आणि वितळला की प्यायला होतो.

पोचल्यावर, या क्रमाने

जागा दुपारी २ ला मिळते. तीन-चारपर्यंत पोचा. फ्रीमाँटकडून येणाऱ्यांना रिचमंड-सॅन राफेल पूल सोयीचा, टोल जातानाच पडतो. दक्षिणेकडून गोल्डन गेटवरून आलात तर टोल परतताना. दोन्हीकडे रोकड चालत नाही. शुक्रवारी तीननंतर निघालात तर वाहतुकीत अडकून अंधार होणार. गाडीत गॅस फेअरफॅक्सच्या आधीच भरा. गाडी नसलेल्यांसाठी सॅन राफेलहून वेस्ट मरीन स्टेजकोचची ६८ नंबरची बस पार्कापाशी थांबते.

उतरल्यावर आधी वर बघा. तुटून अडकलेली फांदी दिसली तर तिच्याखाली तंबू नको. मग जमीन झाडून काड्या-दगड काढा आणि ताडपत्री घाला. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान घडी करून घ्यायची. कडा बाहेर राहिली की वरून ओघळलेलं पाणी तिच्यावर साचून थेट तुमच्या गादीखाली येतं. पहिल्या मुक्कामातला ओला तंबू नव्वद टक्के वेळा याच चुकीचा.

आभाळ निरभ्र असलं तरी वरचं आच्छादन चढवाच. रेडवूडची पानं रात्री समुद्रावरून आलेलं धुकं गाळतात आणि पहाटे झाडाखाली रिमझिम पाऊस पडल्यासारखे थेंब टपकतात, तेही फक्त झाडाखालीच. तंबूच्या खिडक्या मात्र वरून दोन बोटं उघड्या ठेवा. चौघांच्या श्वासाची वाफ बाहेर गेली नाही तर सकाळी तंबू आतून भिजलेला असतो आणि लोक तंबू गळका निघाला म्हणून दुकानाला शिव्या घालतात.

तंबू झाला की खाण्याचं सगळं जागेवरच्या लोखंडी कपाटात. इथे दरोडेखोर म्हणजे रॅकून. त्याचे पुढचे पंजे माणसाच्या हातासारखे चालतात; पिशवीची चेन आणि कूलरचं झाकण सहज उघडतो. टूथपेस्ट, साबण, लिपबामसुद्धा कपाटात. तंबूत लाडवाचा तुकडासुद्धा नको. दिवसा हेच काम 'जे' नावाचे निळे पक्षी करतात, ताटाकडे पाठ फिरायचा अवकाश.

अंताक्षरी रात्री दहाला बंद. दहा ते सहा शांततेची वेळ आहे आणि रेंजर येऊन सांगतो.

शेकोटी

फक्त जागेवरच्या लोखंडी कड्यात, आणि त्या दिवशी परवानगी असेल तरच. निघायच्या आदल्या दिवशी पार्काच्या संकेतस्थळावर बघा. रानातली काटकी उचलायची नाही, पडलेली असली तरी. ती कुजूनच या जमिनीचं खत होतं. घरामागचं लाकूडही आणायचं नाही. ओकची झाडं मारणारा एक रोग १९९५ मध्ये याच मरीन काउंटीत पहिल्यांदा दिसला, आणि असे रोग नि कीड लाकडाबरोबर प्रवास करतात. लाकूड पार्कात किंवा जवळ विकत घ्या. एक मोळी दीड-दोन तास जळते. संध्याकाळी दोन पुरतात.

मोठं ओंडकं आधी पेटवायला जाऊ नका. करंगळीएवढ्या ढलप्या, मग मनगटाएवढी लाकडं, मग मोठी. धूर फार होतोय याचा अर्थ लाकूड ओलं आहे किंवा मधे हवेला जागा नाही. विझवताना बादलीभर पाणी, मग काठीने ढवळणं, पुन्हा पाणी. पालथा हात राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. वरची राख गार असते आणि खाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो.

रानातल्या तीन गोष्टी

पॉयझन ओक सगळीकडे आहे. एका देठाला तीन पानं, मधलं लांब देठाचं. वसंतात चकचकीत हिरवं, उन्हाळ्याच्या शेवटी तांबडं. हिवाळ्यात पानं झडली तरी नुसत्या काडीनेही अंग खाजून फोड येतात. त्याचं तेल कातडीला लागतं, ते तासाभराच्या आत गार पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने चोळून धुवा. गरम पाणी नको. पायवाट सोडायची नाही, हाच खरा उपाय.

गोचीड गवतातून चढते. फिरून आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे, काखेतले, केसांतले भाग तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडीची धग असले घरगुती उपाय करू नका, त्याने ती उलट जास्त ओकते. पिवळ्या गांधीलमाशा गोड पेयांच्या उघड्या डब्यात शिरतात. मुलांना झाकणाची बाटली द्या.

शनिवारी कुठे फिरायचं

गाडी हलवायची गरज नाही. लहान मुलांना पायोनियर ट्रीची सुमारे दोन मैलांची फेरी, पूर्ण सावलीत. ओढ्याकाठचा क्रॉस मरीन ट्रेल हा त्या जुन्या रेल्वेचाच मार्ग. पार्कातला भाग डांबरी आणि जवळजवळ सपाट, सायकल शिकणाऱ्यालाही चालतो. ती गाडी तीन फुटी रुळांवर धावायची. आपली माथेरानची दोन फुटी. कागद गिरणीची जागा याच वाटेवर आहे. पाहायला फार काही उरलेलं नाही, फलक वाचायचा आणि कल्पना करायची.

दम असेल तर रस्त्यापलीकडच्या डेव्हिल्स गल्चमधून बार्नबी शिखर, १,४६६ फूट. जाऊन-येऊन चार तास धरा आणि माणशी दोन लिटर पाणी. वरचा डोंगर उघडा आहे, म्हणून सकाळी आठच्या आत सुटा. बार्नबी हे टेलर कुटुंबाच्या लाडक्या खेचराचं नाव, आणि टेलरची कबर त्याच डोंगराच्या खालच्या उतारावर आहे. वाटेतला स्टेअरस्टेप धबधबा पावसाळ्यानंतर बघण्यासारखा असतो. ऑगस्टमध्ये ओल्या दगडापलीकडे काही दिसणार नाही.

ओढ्यात मासेमारीला बंदी आहे. समुद्रातून अंडी घालायला येणारे कोहो सामन डिसेंबर-जानेवारीत इथे दिसतात. त्या दिवसांत कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. कुत्रा आणलात तर सहा फुटी पट्टा हवा, आणि त्याला मातीच्या पायवाटांवर नेता येत नाही.

आवरणं

रविवारी १२ ला जागा रिकामी. दहाला सुरुवात करा. आधी गाद्यांतली हवा, मग पांघरुणं, तंबू सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याला सुकायला वेळ मिळतो. खुंट्या मोजून घ्या, एखादी पाचोळ्यात हमखास राहते. तंबू बहुतेक ओलाच गुंडाळावा लागेल, त्याला इलाज नाही. पण घरी पोचल्यावर, आंघोळीच्या आधी, तो गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये उलगडून टाका आणि शिवणी कोरड्या होईपर्यंत दोन दिवस राहू द्या. ओला ठेवून दिलेल्या तंबूला आठवड्याभरात बुरशी धरते, आणि तो वास मग कशानेही जात नाही.